कच्च्या यादीतली अकरा जोडपी

३ मार्च

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं पोचलं असं समज, आज मला तेवढा दम नाही. दुपारचे साडेतीन वाजलेत, सगळे चहाला गेलेत आणि मी जागेवर बसून तुला लिहितेय. बातमीच तशी आहे. मला डीबगर मिळाला.

लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस, सांगते. आपल्या खात्यातल्या साडेसहा हजार सिस्टर आणि ब्रदर कुठल्या रुग्णालयात आहेत, किती वर्षं आहेत, कुणाला कुठे जायचंय, या सगळ्या याद्या आमच्या डेटाबेसमध्ये असतात. त्या याद्यांवर काय काम करायचं ते ओळीने लिहून तिथेच ठेवलेलं असतं, त्याला प्रोसिजर म्हणतात. बटण दाबलं की ती पहिल्या ओळीपासून जी सुटते ती शेवटच्या ओळीलाच थांबते. मध्ये कुठे माती खाल्ली ते सांगत नाही, नुसता चुकीचा निकाल हातात ठेवते. आजवर मी काय करायचे, तर मधेमधे "इथपर्यंत आले", "इथेही आले" असे निरोप छापायला लावायचे आणि त्यावरून चाचपडत बसायचे. एकदा वैतागून "अजून जिवंत आहे" असं छापलं होतं, ते नेमकं मोठ्या मॅडमच्या हाती पडलं.

डीबगर या चुका शोधायच्या नव्या टूलमध्ये तसला कारभार नाही. हव्या त्या ओळीपुढे क्लिक केलं की तिथे लाल ठिपका येतो, आणि प्रोसिजर धावत धावत त्या ठिपक्यापाशी येऊन मुकाट उभी राहते. मग एकदा बटण दाबलं की एकच ओळ पुढे. कुठल्याही नावावर माउस नेला की त्या क्षणी त्याच्या पोटात काय दडलंय ते दिसतं. सकाळपासून मी तीन जुन्या चुका पकडल्या, त्यातली एक माझीच निघाली. तरी मला इतका आनंद झालाय की विचारू नकोस.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मॅडमनी मला बदल्यांची प्रोसिजर तपासायला दिली. गेल्या वर्षी जिने तुमच्या संसाराचा विचका केला तीच. तू भावोजींकडे डोंगरात जायचं म्हणून अर्ज केलास, तुला डोंगर मिळाला, आणि त्याच दिवशी भावोजींना तू सोडलेल्या बंदराच्या रुग्णालयाची ऑर्डर. एकाच घरात दोन नर्स असल्या की असं व्हायचंच, असं तेव्हा सगळे म्हणाले. या वर्षीची यादी तीस एप्रिलला लागणार आहे, आणि तोवर त्या प्रोसिजरचा प्रत्येक टाका मी उसवून बघणार आहे.

तुझ्या डोंगरात मोबाइलला रेंज कधी येणार? रिसेप्शनच्या फोनवर बोलायचं म्हणजे अर्धं रुग्णालय कान टवकारून उभं. तोवर हीच पत्रं.

तुझी भिंगरी


११ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र शुक्रवारच्या औषधांच्या गाडीने आलं. सलाइनच्या खोक्यांत दबून गेलं होतं, ड्रायव्हरने आठवणीने काढून दिलं. आमच्याकडे प्रोसिजर म्हणजे पेशंटला उपाशी ठेवायचं आणि नातेवाइकांची सही घ्यायची, त्यामुळे तुझी प्रोसिजर मला निम्मीच कळली. तू खूश आहेस एवढं मात्र अक्षरावरूनच कळलं, कारण एकही ओळ सरळ नाही. चहाला जात जा पण, उपाशीपोटी हुशारी करू नये.

मी बरी आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात अठरा खाटा आहेत आणि आज एकवीस बायका, म्हणजे तिघी बाकांवर. कामाचं काही नाही, कामात मी रमते. खोलीवर आलं की अवघड होतं. यांची खोली आहे ना ही. फळ्या यांनी स्वतःच्या उंचीला ठोकलेल्या, मिठाचा डबा काढायला मला रोज स्टुलावर चढावं लागतं. एका फळीवर यांची दाढीची वाटी अजून तशीच आहे. आणि तिकडे बंदरावर हे माझ्या खोलीत, माझ्या बुटक्या ओट्यावर वाकून भाजी चिरत असतील. वॉर्डातल्या मुली हे ऐकून पोट धरून हसतात. मीही हसते त्यांच्याबरोबर.

तुला एक काम सांगते, आणि सांगताना लाज वाटतेय. गेल्या वर्षी आमचं ठरलं होतं की अर्ज मी एकटीने करायचा. दोघांच्या ऑर्डरी आल्या तेव्हा हे म्हणाले, मी अर्ज केलेलाच नाही. मग ऑर्डर काय आपोआप आली? त्याआधी महिनाभर यांचं एकच चाललं होतं, तुला इथली थंडी सोसायची नाही, तू येऊ नकोस. मी ती काळजी समजत होते. ऑर्डर हातात पडल्यावर त्याचा दुसराच अर्थ लागला. मी येणार म्हटल्यावर यांनी काढता पाय घेतला, असंच माझ्या मनाने घेतलं. मी तसं तोंडावर बोललेही. ऑक्टोबरमध्ये दीड दिवस प्रवास करून भेटायला आले होते, मी चहा पुढे केला आणि ड्यूटी नसताना वॉर्डात निघून गेले.

तुझ्याकडे त्या याद्या आहेत. यांच्या नावाने अर्ज आहे की नाही, एवढंच बघून कळव. नसेल तर चूक माझी, मी पाय धरीन त्यांचे. असेल तर तेही एकदा कळलेलं बरं. वर्षभर हे असं टांगून राहणं मला आता जमत नाही.

ताई


१८ मार्च

ताई,

दोन दिवस पत्र लिहायचं टाळलं. शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

आमच्याकडे "गेल्या वर्षीचे अर्ज" म्हणून जपून ठेवलेली एक यादी आहे. तिच्यात नावं झाकलेली असतात, नुसते नंबर दिसतात, पण तुमचे दोघांचे नंबर मला पाठ आहेत. खरं तर मी हे बघायला नको होतं. बघितलं आणि आता सांगायला नको वाटतंय.

अर्ज आहे. भावोजींच्या नंबरावर, तुझ्या बंदराच्या रुग्णालयासाठी.

ताई, माणूस एखादी गोष्ट लपवतो ती काय दरवेळी वाईटच असते असं नाही. त्यांच्या मनात वेगळं काही असेल. तू एकदा शांतपणे विचार त्यांना. मी इथे कामात आहे, प्रोसिजरच्या नऊशे ओळी आहेत, अजून अडीचशेवरच आहे.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरी,

पत्र मिळालं. तू बघितलंस ते बरं केलंस, मनाला लावून घेऊ नकोस.

आता विचारायचं काय? वर्षभर मी विचारतच होते आणि हे माझ्या डोळ्याला डोळा भिडवून नाही म्हणत होते. बदली हवी होती तर सांगायचं होतं, मी काय अडवलं असतं? खोटं बोलले, हे मला सोसत नाही.

पतिपत्नी सवलत सोडण्याचा फॉर्म मी मागवून घेतला आहे. तो दिला की आमचे नंबर एकमेकांपासून सुटतात. मग तीन वर्षं मी इथे पक्की आणि हे तिथे, कुणी कुणाच्या मागे यायला नको. वीस एप्रिलपर्यंत मुदत आहे. शुक्रवारच्या गाडीने पाठवते. रिसेप्शनवर फोन करू नकोस, मी येणार नाही फोनवर.

ताई


२ एप्रिल

ताई, ताई, ताई,

फॉर्म पाठवला नसशील तर फाडून टाक. पाठवला असशील तर हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत दुसरं काहीही करू नकोस. काल मी दोनदा फोन केला, रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, सिस्टर नाही म्हणतात. तेव्हा हे पत्र मी ड्रायव्हरच्या हातात देणार आहे आणि त्याला सांगणार आहे की तू वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही.

मी तुला सांगितलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मी बघितली ती यादी आम्ही नंतर जपून ठेवलेली. लोकांनी मुळात दिलेले अर्ज वेगळे असतात, त्यांचा बॅकअप मी काल मागवला आणि चाचणीच्या मशीनवर लावून गेल्या वर्षीची प्रोसिजर जशीच्या तशी पुन्हा चालवली. लाल ठिपक्याला एक अट घालता येते. मी अट घातली की तुझा नंबर आला की थांब.

आता नीट वाच. आधी प्रोसिजर सगळे मूळ अर्ज उचलून एक कच्ची यादी करते. तिथे मी तिला थांबवलं आणि भावोजींचा नंबर शोधला. मूळ अर्जांत नाही, कच्च्या यादीतही नाही. दोनदा शोधला, मग शेजारच्या लेखनिक बाईंना बोलावून त्यांच्याकडून तिसऱ्यांदा शोधून घेतला. नाही म्हणजे नाही.

पुढे एक टीप आहे. ही प्रोसिजर आमच्या पहिल्या साहेबांनी निवृत्त होता होता लिहिली, त्यांच्या हातची टीप: "नवरा-बायको वेगळे राहत असल्यास एकाचा अर्ज दोघांच्याही नावाने धरावा. संधी दुप्पट होते." किती मायेने लिहिलंय बघ. मी बटण दाबलं, एक ओळ पुढे गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत कच्च्या यादीत भावोजींच्या नंबरावर एक अर्ज तयार झाला. बंदराच्या रुग्णालयासाठी. त्यांनी केला नाही, कुणीच केला नाही. तुझाच अर्ज उलटा करून प्रोसिजरने त्यांच्या नावावर लिहिला.

थांब, संपलं नाही. तू भावोजींना दोन वर्षांनी सीनियर, म्हणून तुझा नंबर आधी लागला. डोंगरात जागा होती, तुला मिळाली. आता जोडीदाराचा तो तयार केलेला अर्ज खोडायला हवा, हो ना? खोडणारी ओळ आहे, साहेब विसरले नव्हते. पण ती ओळ खोडायला जाते मूळ अर्जांत, आणि तो अर्ज तिथे कधी नव्हताच. डेटाबेसने शोधलं, काही सापडलं नाही, शून्य ओळी खोडल्या असं म्हणून गपगुमान पुढे गेला. तक्रार नाही, काही नाही. कच्च्या यादीतला अर्ज राहिला तसाच. थोड्या वेळाने भावोजींचा नंबर आला तेव्हा बंदरावर एक जागा रिकामी होती. ती तुझीच, तू नुकतीच सोडलेली. दिली त्यांना.

शेवटी ही कच्ची यादीच "गेल्या वर्षीचे अर्ज" म्हणून जपून ठेवली गेली, आणि मी शहाणी ती बघून तुला पत्र लिहून मोकळी झाले. त्या अर्जाची तारीख तेव्हाच बघितली असती तरी कळलं असतं. मुदत संपल्यानंतर नऊ दिवसांची तारीख आहे, म्हणजे प्रोसिजर चालवली त्या दिवसाची. मी तारखेकडे बघितलंच नाही. माफ कर मला.

गेल्या वर्षी ही प्रोसिजर पहिल्यांदाच चालली होती. त्या एका तारखेचे अर्ज मी मोजले. अकरा आहेत. अकरा जोडप्यांची अशी अदलाबदल झालीय आणि बावीस माणसं वर्षभर एकमेकांच्या खोल्यांत राहतायत. प्रत्येकाला वाटत असणार की आपल्याच घरात काहीतरी बिनसलंय.

भावोजी खरं बोलत होते, ताई. पहिल्या दिवसापासून.

भिंगरी


७ एप्रिल

भिंगरी,

ड्रायव्हर खरंच समोरून हलला नाही. मी वाचत होते आणि तो टोपी हातात घेऊन उभा, कुणी गेलं असं समजून. त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, सगळं ठीक आहे. मग साठवणीच्या खोलीत जाऊन रडले.

फॉर्म गेल्या शुक्रवारीच गेला.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. खोडायला गेला आणि काही सापडलं नाही, ते मला बरोबर कळलं. आमच्याकडे चुकीच्या खाटेला इंजेक्शन द्यायला गेलं की खाट रिकामी दिसते, पण सिस्टर निदान थांबून विचारते तरी. मी तर तेवढंही केलं नाही. ऑक्टोबरमध्ये हे वॉर्डाच्या दारात भेटीची वेळ संपेपर्यंत उभे होते. मी मुद्दाम पाठमोरी राहून चादरी बदलत होते, बदललेल्यासुद्धा पुन्हा बदलल्या. एका माणसाला वर्षभर खोटारडा ठरवलं मी. त्याला कसं तोंड दाखवायचं हे मला कळत नाही.

दोन गोष्टी ऐक. तू पाहिलंस ते आधी तुझ्या मॅडमना दाखव, बाकीच्या दहा घरांत काय चाललं असेल कुणास ठाऊक. आणि माझ्या फॉर्मला हात लावायचा नाही. तू तिथे नोकरी करतेस. मी टाकला, मीच काढीन.

ताई


११ एप्रिल

ताई,

दाखवलं. काल अकरा वाजता, मोठ्या टेबलाच्या खोलीत, भिंतीवर पडदा लावून. मॅडम आधी म्हणाल्या, यादी लागायला वीस दिवस राहिलेत, आता प्रोसिजरला हात लावायचा नाही. मी म्हटलं, हात लावू नका, नुसतं एक बटण दाबा. कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी दाबलं, आणि पडद्यावर कुणीही न केलेला अर्ज तयार झाला. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, परत एकदा करता येईल का हे. पाच वेळा केलं आम्ही, प्रत्येक वेळी वेगळ्या जोडप्याचं. पाचव्या वेळेला त्या माझ्याआधीच सांगत होत्या, आता खोडायला जाईल, आता काही सापडणार नाही. पहिले साहेब त्यांचे गुरू होते, त्यामुळे थोड्या हळव्याही झाल्या.

दुरुस्ती माहितेय किती निघाली? एक ओळ. मूळ अर्जांत नाही, कच्च्या यादीत खोड, एवढंच. आणि खाली मी दोन ओळी वाढवल्या, की शून्य ओळी खोडल्या गेल्या तर पुढे जायचं नाही, ओरडायचं. गेल्या वर्षीचे अर्ज घेऊन पुन्हा चालवली तर अकराच्या अकरा जोडपी एकत्र आली. मी खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली आणि लेखनिक बाईंचा चहा सांडवला. मॅडमनी सही केली. बावीस जणांना खात्याकडून खुलाशाचं पत्र जाणार आहे आणि यंदा त्यांचा विचार सगळ्यांच्या आधी.

संध्याकाळी भावोजींना फोन केला, बंदरावर रेंज आहे म्हणून. सगळं सांगितलं, तू पत्रात काय लिहिलंस तेही. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे मी खरं बोलत होतो, हे आता मशीनने सांगितलं." त्यांनी हळूच फोन ठेवला. रागावलेत की काय, मला आवाजावरून कळलं नाही. ताई, तूच काहीतरी कर.

तुझा फॉर्म आवक ट्रेमध्ये वरून चौथा आहे. रोज दिसतो. हात लावलेला नाही.

भिंगरी


१७ एप्रिल

भिंगरी,

तुझं पुढचं पत्र मी निघेपर्यंत आलंच नव्हतं. मॅडमना दाखवलंस ते मला यांच्याकडून कळलं. कसं ते वाच.

पत्रात माफी मागायची मला पटेना. चार दिवसांची रजा टाकली आणि परवा सकाळच्या बसने बंदराकडे निघाले. कळवलं नाही, म्हटलं समोर जाऊन उभं राहावं, मग हाकलायचं तर हाकलू देत. पूर्ण वाटभर काय बोलायचं ते जुळवत होते. काल दुपारी फाट्यावर बस वीस मिनिटं थांबली. इथेच डोंगराकडे जाणारी बसही थांबते. ती येऊन माझ्या खिडकीला खिडकी लावून उभी राहिली, आणि पलीकडच्या खिडकीत हे बसलेले. मांडीवर माझी जुनी छत्री.

दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी उतरायला धावले, आणि हेही उतरायला धावले. मधल्या जागेत आम्ही दोघं उभे, आणि जुळवलेलं सगळं विसरून मी एवढंच म्हणाले, "मी चुकले. तुमचं खरं होतं."

यांनी छत्री काखेत धरली. मग म्हणाले, "निघालीस ते आधी कळवायचंस ना. मी घरीच थांबलो असतो."

मला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. यांचंही तेच. फाट्यावरचे लोक बघत होते, बघू देत म्हटलं. तेवढ्यात दोन्ही बस निघून गेल्या. माझी पिशवी बंदराला गेली आणि यांची डोंगराला. नेसत्या कपड्यांनिशी आम्ही कालपासून इथल्या विश्रामगृहात आहोत. हे पत्र मी खिडकीत बसून लिहितेय, आणि हे अजून अधूनमधून विचारतायत की त्या चादरी खरंच दोनदा बदलल्या होत्यास का. एकदा यांनी विचारलंही, मशीनने सांगितलं नसतं तर? मी म्हटलं, तर मी मूर्खच राहिले असते. यांनी धरलेला हात सोडला नाही.

पाकिटात दोन कागद आहेत. ते तुझ्यापाशी ठेवू नकोस, आवक खिडकीवर देऊन शिक्का घे. एक म्हणजे माझा फॉर्म मागे घेतल्याचं. दुसरा या वर्षीचा अर्ज. यांना डोंगरात बदली द्यावी असा, कारण वॉर्ड मला आता सोडवत नाही आणि यांनाही तिथेच बरं वाटायचं. अर्ज यांच्या नावाने आहे, खाली सह्या दोघांच्या. नीट मोजून बघ, अर्ज एकच आहे. तीस तारखेला तुझ्या यादीत दोन दिसले, तर लाल ठिपका लावायला मी स्वतः तिथे येईन.

ताई आणि भावोजी